पाद्र्याच्या खुर्चीला हात लावून बसलेला माणूस

ती घटना अजून आठवते, आणि आठवली की माझा हात आपोआप माझ्याच गालाकडे जातो. बाकीचे अधिकारी रिटायर झाल्यावर आपण कसे वाघ होतो ते लिहितात. मी तसं लिहिलं तर बायको वाचणार, आणि तिने मला झुरळ बघून पाटावर चढताना पाहिलंय. म्हणून जसं झालं तसंच सांगतो.

मी देवरुखाकडच्या एका वाडीतला. शिक्षण सातवी, त्यातली पाचवी दोनदा. आमच्या वेळी सातवीवर पोलिसात घ्यायचे. माझी उंची मोजली, छाती मोजली, डोकं कोणी मोजलं नाय, म्हणून निभावलं. शिपाई म्हणून लागलो आणि घासत घासत सहायक फौजदार झालो. ही केस रिटायर व्हायच्या आदल्या वर्षाची, रत्नागिरीतल्या ठाण्यातली. नावं कुणाचीच सांगणार नाय. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ते मला बाजारात गाठून चार शब्द सुनावतील. चालेल.

सोमवारी सकाळी मी नुकताच हजेरी घेऊन बसलो होतो. माझ्या टेबलावर दोन गठ्ठे असायचे. एक तपासाचा आणि एक दाखल्यांचा. आखातात नोकरीला जाणाऱ्या पोरांना पोलीस दाखला लागतो, याच्यावर गुन्हा नाय म्हणून. त्याची चौकशी माझ्याकडे. तेवढ्यात मास्तर आले.

मास्तर म्हणजे रिटायर चित्रकला शिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, आपणही तेच म्हणू. त्यांना एक नाद होता. दीडशे वर्षांमागे रत्नागिरीत एक गोरा पाद्री राहून गेला. त्याने शाळा काढली, दवाखाना काढला आणि तेव्हा नवीन निघालेल्या कॅमेऱ्याने भरपूर फोटो काढून घेतले. स्वतःचे, मडमेचे, घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचे. कारकून, डॉक्टर, शाळेतले पंतोजी, स्वयंपाकी. मास्तर तीस वर्षं ते फोटो जमवत होते. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या ट्रंकेतून, मुंबईच्या जुन्या बाजारातून, आणि एकदा हातखंब्याच्या भंगारवाल्याकडून, वजनावर. त्याचा एक आल्बम केला होता, दोन हातांनी उचलावा लागेल असा. पाद्री आणि त्याचा सगळा गोतावळा.

"जमादार, चोरी झाली," मास्तर म्हणाले. "ग्रुप गेला."

मला वाटलं माणसांचा ग्रुप कुठे गेला. मी म्हटलं, "आरे-वारेच्या समुद्रावर गेला असेल, येईल संध्याकाळी."

मास्तरांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं माझे पाचवीचे गुरुजी बघायचे. मग समजावून सांगितलं. ग्रुप म्हणजे आल्बममधला सगळ्यात मोठा फोटो, त्यांच्याच घरात पिढीजात असलेला आणि मूळच्या जुन्या पानासकट आल्बममध्ये घातलेला. मधे खुर्चीत दाढीवाला पाद्री, शेजारी मडम, मागे पाच-सहा माणसं उभी. आणि उजव्या बाजूला खाली, एक गुडघा वर करून, पाद्र्याच्या खुर्चीला हात लावून बसलेला एक मुंडासेवाला. हा जो बसलेला, तो म्हणजे मास्तरांचे खापरपणजोबा. शास्त्रीबुवा. पाद्र्याला मराठी त्यांनी शिकवलं. मास्तरांनी यावर एक छोटं पुस्तकसुद्धा छापलं होतं. गावात कुठे मास्तरांचा सत्कार झाला की पहिलं वाक्य तेच असायचं. आता पुढच्या पंधरवड्यात वाचनालयाच्या हॉलात त्या सगळ्या फोटोंचं प्रदर्शन होतं, आणि मेन फोटोच गायब.

"संशय कुणावर?"

"परवा एक मुलगा आला होता. बंदराकडचा. तो फोटो मागत होता. म्हणे यात आमचा माणूस आहे. मी नाही म्हटलं तर आवाज चढवून गेला."

नाव सांगितलं. त्या तरुणाला मी इथे तांडेल म्हणतो, कारण त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होडीचे तांडेल झाले, म्हणजे होडीवरचे मुख्य. तो स्वतः मात्र एसी दुरुस्तीचं शिकलेला, अठ्ठावीस वर्षांचा, बाप वारलेला, घरी आई. नाव ऐकलं तसं मी दुसऱ्या गठ्ठ्याकडे बघितलं. त्याचा दाखल्याचा अर्ज सगळ्यात वरच होता. दुबईची नोकरी लागली होती, पुढच्या मंगळवारचं विमान. शनिवारपर्यंत दाखला गेला नाय तर कंपनी दुसरा माणूस घेणार, असं त्याने अर्जाला चिठ्ठी लावून लिहिलं होतं.

मी फिर्याद लिहून घेतली. नियमाने पुढचं काम म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा. मी मास्तरांच्या घरी गेलो, ओटीवर बसलो, वहिनींनी घावणे दिले, चार खाल्ले, आणि तिथूनच आत बोट दाखवून विचारलं, "कपाट ते का?" मास्तर म्हणाले, "तेच." झाला पंचनामा. आल्बम मी हातातसुद्धा घेतला नाय. हाताला खोबऱ्याची चटणी होती.

संध्याकाळी माझा खबऱ्या आला. बंदरावर बर्फ फोडायचं काम करायचा. म्हणाला, "साहेब, तुमचा तांडेल काल बाजारात फोटोवाल्याकडे होता. जुनापुराणा फोटो मोठा करून मागत होता. त्यात एक गोरा होता."

"गोरा कशावरून? जुने फोटो तर तपकिरी असतात."

"बूट होते ना त्याच्या पायात. बाकी सगळे अनवाणी."

असा खबऱ्या मला कमिशनरपेक्षा हुशार वाटायचा. मी त्याला चहा पाजला आणि केस संपली असं समजून घरी जाऊन निवांत जेवलो.

मंगळवारी दुपारी दोन पंच, एक महिला शिपाई, लिहायला रायटर असा लवाजमा घेऊन तांडेलाच्या दारात गेलो. आईने दार उघडलं. डोक्यावरून ओढणी, हातात तसबीह, म्हणजे जपमाळ. मोहल्ल्यातली निम्मी माणसं खिडकीला. झडती सुरू केली. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम होती, आणि तिचं तोंड भिंतीकडे.

आता तुम्हीच सांगा. चोरीचा फोटो शोधायला आलोय आणि एक फोटो तोंड लपवून उभा. मी झेप घेतली. खरोखरच घेतली, त्यात स्टुलाला पाय अडकला आणि फ्रेमसकट मी खाटेवर. तसाच पडल्या पडल्या ओरडलो, "सापडला! लिहा, तोंड भिंतीकडे करून लपवलेला!"

फ्रेम उलटी केली. आत गॉगल लावलेला एक माणूस मोठ्या गाडीला टेकून उभा, मागे नुसती वाळू.

"हा पाद्री नाय," एक पंच म्हणाला.

"माझा घरवाला हाय तो," आई म्हणाली. "कुवेतला होता तवाचा. मयत होऊन सात वर्षं झाली."

"मग तोंड तिकडे का, खाला?" मी विचारलं. खाला म्हणजे मावशी.

"नमाजाला समोर तसवीर चालत नाय. नमाज झाला की सरळ करते. तुम्ही दार वाजवलंत तवा मी मुसल्यावरच होते."

खिडकीतून कोणीतरी हसलं. मी इतकी वर्षं या गावात नोकरी केली, कितीदा तरी या घरांमधून चहा प्यालो, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. रायटर माझ्या कानाला लागला, "साहेब, 'लपवलेला' लिहून झालंय. काय करू?"

"खोड."

तांडेल आतल्या दारापाशी उभा होता. त्याने मोबाईल काढला. "साहेब, हा बघा. मी याचा प्रिंट काढायला गेलेलो. मास्तरांनीच मला मोबाईलमध्ये फोटो काढू दिला. चोरायचा असता तर आधी फोटो कशाला काढला असता?"

"चोर असंच म्हणतो," मी म्हटलं.

"मग साव काय म्हणतो, साहेब?"

या प्रश्नाचं उत्तर पोलीस ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. खिडकीत माणसं बघत होती, माझ्या पँटीला खाटेची धूळ होती, आणि रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटली. म्हणून त्याला ठाण्यात घेऊन आलो. कारण काही नव्हतं. माझी लाज एवढंच कारण.

त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. विचारलं, कशासाठी एवढा फोटो पाहिजे होता.

"आमच्या घरात सांगत आलेत," तो म्हणाला, "त्या पाद्र्याला मचव्यातून खाडीपार न्यायचा तो आमचा खापरपणजा. गावोगाव फिरायचा ना तो पाद्री. तासन्‌तास होडीत दोघंच. पाद्री विचारायचा, हे काय, ते काय. शीड, वारा, भरती, मासळी. बोलायला तो होडीत शिकला. तो खाली बसलाय ना, तो आमचा. बसलाय कसा बघा. शास्त्री असा एक गुडघा वर करून बसतो काय? असा सुकाणूवर बसतात. हात बघा त्याचे."

मी मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बघितला. हात जाड होते. पण माझेही हात जाड आहेत आणि मला होडीत उलटी होते. मी हसलो. "अरे, मास्तरांनी पुस्तक छापलंय त्याच्यावर. तू काय छापलंयस?"

"म्हणूनच म्हटलं त्यांना, फोटोच्या मागे बघा, काय लिहिलेलं असेल. तर म्हणाले, फोटो आल्बमला चिकटवलेला आहे, तुझ्यासाठी मी तो उपटणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, मला मारा हवं तर. पण गुन्ह्यात नाव चढवू नका. अम्मीने दोन वर्षं या नोकरीची वाट बघितलीय."

मी कुणाला मारणारा नव्हतो. माझा हात उचलला की माझाच खांदा दुखायचा. पण त्या दिवशी मी जे केलं ते मारण्यापेक्षा बरं होतं असं म्हणवत नाय. दिवे लागणीला सोडला त्याला.

बुधवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आमचे पोलीस निरीक्षक, तरुण, शिकलेले, कमी बोलणारे. म्हणाले, "मास्तरांच्या ओळखीच्या चार जणांचे फोन आले मला. शुक्रवारपर्यंत फोटो मिळव. नाही मिळाला तर त्या मुलाचं नाव आरोपी म्हणून घे. संशयित आहे, भांडण आहे, फोटोवाला साक्षीदार आहे. आणखी काय पाहिजे?"

"साहेब, त्याचा दाखला..."

"आरोपी झाला तर कसला दाखला?"

मी बाहेर आलो आणि दोन्ही गठ्ठ्यांकडे बघत बसलो. कधी नाय ते माझं डोकं चालायला लागलं. फार नाय, बैलगाडीच्या चालीने. पोराने चोरी केली असेल तर होऊ दे आरोपी, माझं काही म्हणणं नाय. पण केली की नाय ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं कारण मी घावणे खात बसलो होतो. ठरवलं, शुक्रवारच्या आत हे कळलंच पाहिजे. मग नाक कापलं गेलं तरी चालेल, तसंही ते मोठंच आहे.

गुरुवारी सकाळी पोट भरून, हात धुऊन, मास्तरांच्या घरी पुन्हा गेलो. सांगितलं, पंचनामा अर्धा राहिलाय. मास्तरांचा चेहरा उतरला, पण आल्बम काढून दिला.

पान उघडलं. फोटो होता तिथे एक गडद चौकोन, बाकी पान दीडशे वर्षांच्या धुळीने पिवळं. चौकोनाचा कागद कुठे फाटलेला नाय. ओरखडा नाय. फक्त किंचित फुगलेला, तव्यावर भाकरी फुगायला लागते तेवढाच. मी पान उलटून शेजारचा फोटो नखाने उचलून बघितला. हलेना.

"अहो जमादार! हात लावू नका!" मास्तर ओरडले.

"निघतच नाय हो मास्तर. खळ लावून पक्का चिकटवलाय. मग तो कसा निघाला?"

"ब्लेडने काढला असेल."

"ब्लेडने काढला तर कागद कापतो. ओढून काढला तर फाटतो. हे तर कोणीतरी बाळंतिणीला हलवावं तसं काढलंय."

आता एक कबुली देतो. रिटायर आहे, पकडायचं तर पकडा. शिपाई असताना माझी पोस्टिंग लांब होती आणि बायको गावी. आठवड्याला पत्र लिहायचो. आलेल्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का नीट बसलेला नसला की मी मेसमध्ये भाताच्या टोपावर ते पाकीट धरायचो. वाफ लागली की खळ सुटते, तिकीट अलगद निघतं, आणि वाळलं की पुन्हा नवीन पत्राला. वर्षभर सरकारला असा फसवत होतो. म्हणून वाफेवर निघालेला कागद मी अंधारातसुद्धा ओळखतो. तो असाच फुगतो.

घाईत आलेला चोर वाफ करत बसत नाय. फोटो जपायचाय असा माणूसच वाफ करतो.

मी आल्बम मिटला आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, त्या दिवशी घावणे झकास झाले होते. मास्तरांना येतो का हो स्वयंपाक?"

"ह्यांना?" वहिनी हसल्या. "पाणी उकळलं की गॅस बंद करायचा हे सांगावं लागतं. पण परवा रविवारी काय झालं कोण जाणे, म्हणाले आज भात मी लावतो, तू देवळात जाऊन ये. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आले तर भात करपलेला आणि हे हात भाजून बसलेले."

मागे मास्तर उभे होते. मी वळून बघितलं. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड वाळत आलेला होता. आदल्या वेळी तो हात माझ्यासमोर स्वतःच्या घावण्यांची बशी धरून होता आणि मी घावणे बघत होतो.

"मास्तर," मी म्हटलं, "मी अडाणी माणूस. मला एवढंच सांगा, मागे काय लिहिलं होतं?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "अहो, काय विचारतायत ते? सांगा ना."

मास्तर देवघरात गेले. फळीवर जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता. त्यातून टीपकागदात गुंडाळलेला फोटो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. फोटोचा कोपरा त्यांनी दोन बोटांनी, जपून धरला होता.

"फाडून टाकायला घेतला होता," ते म्हणाले. "नाही जमलं."

मागच्या बाजूला पेन्सिलीने इंग्रजीत बारीक लिहिलेलं होतं. मला एबीसीडीसुद्धा ओळीने येत नाय. मी म्हटलं, "वाचा." ते म्हणाले, "माझ्याच्याने होणार नाही." मग ठाण्यात नेल्यावर मोठ्या साहेबांनी वाचलं. पाद्र्याच्या मडमेने लिहिलं होतं. मागे उभे असलेल्यांची नावं होती. त्यात शास्त्रीबुवांचं नाव होतं, डावीकडून तिसरे. आणि शेवटी, खाली बसलेल्याचं. तांडेलाच्या घराण्याचं नाव, आणि पुढे असं की हा आमचा तांडेल, याच्याकडून माझे यजमान इथली भाषा बोलायला शिकले.

मोठ्या साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसून मास्तर सगळं बोलले. त्या मुलाला खोटं पाडावं म्हणूनच त्यांनी फोटो वाफेवर धरला होता. "वडिलांनी मला लहानपणी सांगितलं, बसलेले ते आपले. मी विचारलंच नाही कधी. तीस वर्षं भाषणं केली. हॉलात तो मुलगा उठून म्हणाला असता, मागे बघा, तर मी काय केलं असतं? वाटलं, फोटोच नसला तर प्रश्नच नाही."

"आणि त्या मुलाचं नाव का दिलंत?" साहेबांनी विचारलं.

"संशय कुणावर म्हणून जमादारांनी विचारलं," मास्तर म्हणाले, "आणि तोंडातून तेच नाव आलं. ते नाव घेतलं तर कुणाला नवल वाटणार नाही, हे मला ठाऊक होतं."

मला ते वाक्य लागलं. कारण नवल मलाही वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तांडेलाचा दाखला स्वतः तयार केला, शिक्का मारला, साहेबांची सही घेतली आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. गणवेशातच गेलो. मोहल्ल्याने मला झडतीला गणवेशात बघितलं होतं, माफी मागतानाही तसंच बघावं. दाखला खालाच्या हातात दिला. म्हटलं, "चुकलो मी. माफ करा."

त्या रडतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी दाखला ओढणीने पुसला, घडी केली, आणि विचारलं, "जमादार, एक सांगा. चोरी मास्तरच्या घरात झाली. मग झडती आमच्या घरची पहिली का?"

"सोमवारी संध्याकाळी खबर आली होती, खाला."

"खबर संध्याकाळी आली. माझ्या पोराचं नाव तुम्ही सकाळीच लिवलात."

मी चहा न पिता उठलो. त्या प्या म्हणत होत्या.

आता कागदाचं काम. आमच्याकडे तपास बंद करताना कोर्टात समरी पाठवतात. गुन्हा खरा पण चोर मिळाला नाय तर अ. फिर्यादच जाणूनबुजून खोटी असेल तर ब, मग फिर्यादीवरच केस होते. आणि गैरसमजातून झालं असेल तर क. मास्तरांचे ओळखीचे चार जण परत फोन करायला लागले, की म्हातारा माणूस, क करून टाका. शुक्रवारी साहेबांनी तांडेलाला बोलावून विचारलं, तुझं काय म्हणणं.

"कागद तुमचे, तुम्ही बघा," तो म्हणाला. "मी मंगळवारी चाललो. मला एकच पाहिजे. मास्तरांनी प्रदर्शनात ते मागचं लिहिलेलं वाचायचं. तोंडाने. अम्मीसमोर."

मास्तर तिथेच होते. म्हणाले, "वाचेन. आणि साहेब, ब च पाठवा. मी गैरसमजातून काही केलेलं नाही."

मी त्यांच्याकडे नव्याने बघितलं. माणूस चुकतो ते ठीक, पण चूक स्वतःच्या नावाने मांडणारा मी अख्ख्या नोकरीत बोटावर मोजण्याइतका बघितला. मग मलाही जोर आला. रिपोर्ट लिहायला बसलो आणि शेवटी माझ्या हाताने एक परिच्छेद घातला. घटनास्थळ न तपासता संशयिताच्या घरची झडती घेतली. तसं करायला पुरेसं कारण नव्हतं. संशयिताला सबळ पुराव्याशिवाय संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. खाली माझं नाव.

साहेबांनी वाचलं. "हे काढ. वर्षभराने रिटायर होतोयस, खातेनिहाय चौकशी लागेल."

"लागू दे, साहेब."

"वेडा आहेस काय?"

"ते भरतीच्या वेळी मोजायला हवं होतं, साहेब."

ते हसले नाहीत. पण परिच्छेद काढलाही नाय. मला पुढे सक्त ताकीद मिळाली, लेखी. बायकोने विचारलं, हे काय आलंय सरकारकडून? मी म्हटलं, माझ्या कामाची दखल घेतलीय.

मंगळवारी तांडेल गेला. त्याच्या पुढच्या रविवारी प्रदर्शन झालं. हॉल गच्च भरला होता, कारण अर्ध्या गावाला बातमी लागली होती आणि माणसाला दुसऱ्याची फजिती बघायला आवडते. मीही त्यासाठी गेलो नव्हतो असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाय. पहिल्या रांगेत खाला आणि मोहल्ल्यातल्या पाच-सहा बाया बसल्या होत्या. वहिनींनी जाऊन त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली.

मास्तर उभे राहिले. पुस्तकातलं खोटं होतं हे आधी सांगितलं. चोरी झालीच नव्हती हेही सांगितलं. मागे कुजबुज झाली, एक जण मोठ्याने "अरेरे" म्हणाला. मास्तर थांबले नाहीत. फोटो हातात घेतला, मागची बाजू समोर धरली आणि वाचायला लागले. एकेक नाव. डावीकडून तिसऱ्या नावाशी आवाज बारीक झाला, त्यांच्या स्वतःच्या माणसाचं नाव ते. मग शेवटच्या ओळीवर आले आणि आवाजच फुटेना.

या केसने मला काय शिकवलं ते विचारलंत तर एवढंच सांगतो. आपण तपास सुरू करायच्या आधीच आपल्या डोक्यात कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. ते आपण लिहिलेलं नसतं, कुणीतरी आधीच लिहून चिकटवून ठेवलेलं असतं, आणि आपण ते पुस्तकासारखं खरं मानून चालतो. शिकलेल्या मास्तरांना ते कळलं नाय, तर माझ्यासारख्या सातवीवाल्याला कुठून कळायचं? पण कळल्यावर काय करायचं, ते शिकायला शाळा लागत नाय.

खालाच्या हातात मोबाईल होता, त्यांनी तो उंच धरला होता. त्यात तांडेल दिसत होता, कंपनीचे निळे कपडे घातलेला, मागे कुठलं तरी मोठं मशीन घरघरत होतं. त्या मोबाईलमधून त्याचा आवाज आला.

"मास्तर, घाई नाय. पाणी प्या आणि परत वाचा. मला नाव ऐकू आलं नाय."

मास्तर पाणी प्यायले आणि त्यांनी तांडेलाच्या खापरपणजाचं नाव, आडनावासकट, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं.